ओली निघणारी ताटं

आमच्या महाडच्या घरात भांडी धुणारं मशीन होतं असं आज सांगितलं, तर लोक मला वेड्यात काढतात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. गल्लीत फ्रीज एकाच घरी होता आणि आम्ही पोरं तो बघायला जायचो. अशा गल्लीत मुंबईच्या बंदरातून ट्रकवर चढून, पोत्यांत गुंडाळलेलं ते पांढरं धूड आलं. चार माणसांनी उतरवलं. दाराची एक झडप काढावी लागली तेव्हा कुठे ते आत गेलं.

पाठवलं होतं दादाने. माझा थोरला भाऊ आखातात फिटर होता. वडील गेल्यावर आईने पोलादपूरकडचं गाव सोडलं आणि महाडला येऊन खानावळ काढली. मास्तर, कारकून, एसटीचे कंडक्टर असे वीसेक जण दोन्ही वेळा जेवायचे. एवढ्यांची ताटं-वाट्या राखेने घासून घासून आईच्या हातांना इसब झाला. बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या. कालवणात मीठ टाकताना ती ओठ दाबून धरायची. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, हात कोरडे ठेवा. खानावळ चालवणाऱ्या बाईला! मला त्या डॉक्टरांचा अजून राग येतो. शेजारणी म्हणाल्या, जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात हात बुडवून ये. आई तेही करून आली. डॉक्टरांचं ऐकलं तर पाणी वाईट, शेजारणींचं ऐकलं तर पाणी हेच औषध, आणि हात जसेच्या तसे.

मी घासते म्हटलं की आई मला मोरीतून उठवायची. "तुजं हात वहीसाटी ऱ्हाऊ देत," म्हणायची. कामाला बाई ठेवणं तिला झेपणारं नव्हतं. दादाला हे सगळं ठाऊक होतं. त्याच्या एका साहेबाने घर बदलताना मशीन काढून टाकायचं ठरवलं, तेव्हा दादाने ते आईच्या हातांसाठी मागून घेतलं. स्वतः येता येत नव्हतं, म्हणून मशीन पाठवलं.

पहिल्याच दिवशी अडलं. मशीनमध्ये खरकटी ताटं तशीच लावायची असतात, हे आईच्या गळी उतरेना. "खरकटं कपाटात कोंडायचं? घर बाटंल की गो!" ती म्हणाली. मग तिने मोरीत बसून सगळी ताटं राखेने लख्ख घासली, दोन पाण्यांनी विसळली आणि नंतर मशीनमध्ये ठेवली. तासाभराने दार उघडलं तर ताटं ओलीचिंब. घासून स्वच्छ केलेली ताटं फक्त ओली करायला आम्ही समुद्रापलीकडून यंत्र आणलं होतं. मी हसले, तर आईने माझ्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी विरलं.

मी तिला समजावून समजावून घासणं सोडवलं. मशीन ताटं धुवायचं बरीक चांगली. पण ओली निघायची ती निघायचीच. वाटीच्या बुडात पाणी, पेल्याच्या बुडात पाणी, ताटाच्या काठात पाणी. आतल्या खाचा चिनी मातीच्या बशांसाठी केलेल्या. आमची उभ्या काठांची ताटं त्यांत उभीच राहायची नाहीत, एकमेकांवर आडवी पडायची. मी सुतळीने बांधून ती उभी केली. मग निम्मीच ताटं लावून पाहिली. मशीन थांबल्यावर दार उघडं टाकून पाहिलं, तर पावसाळ्याच्या दिवसांत बाहेरचीच ओल आत गेली. सोबतच्या पुस्तकात एका बाजूला अरबी आणि एका बाजूला इंग्रजी होतं. शब्दकोश घेऊन बसल्यावर कळलं की भांडी सुकण्यासाठी त्यात एक वेगळं औषध ओतावं लागतं. ते महाडात कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. त्याऐवजी लिंबू पिळून पाहिलं. ताटं ओलीच निघाली, वर लिंबाचा वास.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने मागचं झाकण उघडलं, बॅटरी मारली आणि मान हलवली.

"ह्यात हीटर हाय, ताई. तो तापला का भांडी आपली आपण सुकतील. पन तो तापनार कसा? संध्याकाळी बल्ब काजव्यावानी पेटतोय. येवढ्या व्होल्टेजवर ह्ये चालतंय ह्येच नशीब."

"मंग दुपारी लावू," आई म्हणाली.

दुपारी व्होल्टेज बरं असायचं, पण नळाला पाणी यायचं पहाटे आणि संध्याकाळीच. म्हणून माळ्यावर पिंप चढवलं आणि पहाटे उठून मी ते कळशीने भरायला लागले. दुपारी जरा फरक पडला. ताटं कोमट निघाली. कोमट आणि ओली.

म्हणजे पुसणं आलं. दुपारी मी शाळेत असायचे, म्हणून आई पुसायची. पावसाळ्यात फडकी वाळत नाहीत. ओल्या फडक्याने ओली ताटं पुसून तिच्या भेगा अजून चिघळल्या. राख परवडली असती. मी एकदा चिडून म्हटलं, "विकून टाक ते, भंगारात घाल." आई म्हणाली, "पोरानं पाठवलाय. त्येनं काय हौसेखातर पाठवलाय?" आणि मशीनवरून कोरडं फडकं फिरवलं. घरात एकच कोरडं फडकं होतं, ते मशीनसाठी राखलेलं.

दादाचा फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. दुकानातलं माणूस हाका मारत यायचं आणि आई हातातलं टाकून धावायची. तिच्यामागे मी, आणि आमच्यामागे निम्मी गल्ली. फोनवर ओरडून बोलावं लागायचं. ज्या घरांतली मुलं आखातात होती, ती सगळी घरं याच फोनवर बोलायची आणि त्या फोनवरून कधी कुणी वाईट बातमी सांगितलेली मी ऐकली नाही. इकडचे सांगायचे सगळं झकास, तिकडचे सांगायचे मजेत आहे. आजूबाजूला कान देऊन माणसं उभी असताना दुसरं काय सांगणार?

त्या दिवशी दादाने विचारलं असणार, कारण आई ओरडली, "मशीन? येकदम चांगला हाय! ताटा कशी कोरडी खडखडीत निघतात!" मग थोडा वेळ ती ऐकत राहिली आणि पुन्हा ओरडली, "हात बरे झाले रे! पार बरे झाले! तू काय काळजी करू नको!" रिसीव्हर धरलेल्या हाताला चिंधी गुंडाळलेली होती. माणसं कौतुकाने बघत होती. आईचा चेहरा एवढा उजळला होता की मलाही क्षणभर ते खरं वाटलं.

पुढच्या वर्षी दादा सुट्टीवर आला. आईने पहिल्याच जेवणाला त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्याने भाकरी उचलली, ती खालून भिजलेली होती. त्याने ताट तिरपं केलं, काठातलं पाणी एका बाजूला जमा झालं. मग तो आईच्या हातांकडे बघत राहिला. आईने हात पदराखाली घेतले. जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून पाने आणि स्क्रू ड्रायव्हर काढले आणि मशीन खोललं.

आठवडाभर तो त्याच्यातच होता. हीटर काढून घासला, तारा बदलल्या, मुंबईहून कुणाकडून तरी स्टॅबिलायझर आणवला. नातेवाईक भेटायला येऊन चहा पिऊन जायचे, हा मशीनच्या पोटात डोकं घालून पडलेला. प्रत्येक वेळी दार उघडायचा, ताटावरून बोट फिरवायचा आणि बोटाकडे बघायचा. एवढं शिकलेला फिटर, पण घरापर्यंत येणारी वीज काही त्याच्या हातात नव्हती.

शेवटी आई त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "मशीन ऱ्हाऊ दे रे. नाय सुकत तर नाय सुकत. तूच ऱ्हा आता हितं. आता मला नाय होत."

दादाने पाना खाली ठेवला. "आये, मी येनारच होतो," तो म्हणाला. "गेल्या वर्सी माजं काँट्रॅक्ट संपलंवतं. साहेबानं विचारलं, जातोस का ऱ्हातोस. म्हनून तर मी तुला फोन केला. तू म्हनालीस हात बरे झाले. म्हनलं, आता घाई कशाला. तीन वर्सांची सही केली."

आईचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ती मीठ-मसाल्याच्या डब्यांकडे बघत बसून राहिली. मला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. एकमेकांची काळजी घेता घेता त्यांनी हे काय करून ठेवलं होतं!

दादाने मशीनचं झाकण बंद केलं ते पुन्हा उघडलं नाही. त्या दुपारपासून तो स्वतः मोरीत बसायला लागला. जेवायला येणारे कंडक्टर त्याची चेष्टा करायचे, "काय फिटर, आखातात ह्येच शिकलास?" तोही हसायचा. दोन्ही वेळची भांडी त्याने घासली, पुसली, फळीवर लावली. आईला त्याने पाण्यात बोट बुडवू दिलं नाही. सुट्टी संपेपर्यंत तिच्या भेगांवर खपली धरली, दोन बोटांची कातडी तर नवी गुलाबी आली.

मुंबईची एसटी पहाटेची होती. त्याला बसवून आम्ही घरी आलो. दुपारची जेवणं झाल्यावर आई ताटं गोळा करून मोरीत बसली आणि तिने राखेत हात घातला. मी तिच्या हातातून ताट ओढलं. तेवढी नवी कातडी तरी जप, असं काहीसं बोलले.

"कुनासाटी गो?" आई म्हणाली आणि ताट परत घेतलं.