लाल वर्गाच्या बाई

आमच्या वहिनीला राग येतो असं म्हणण्यात काही अर्थ नाही. राग तिच्याकडेच राहायला असतो; अधूनमधून बाहेर जाऊन येतो, एवढंच. ती शिकवते त्या शाळेतल्या मुलांनी तिचं नाव ‘करवतबाई’ ठेवलंय. आवाजामुळे. वरच्या मजल्यावर तिनं ‘गप्प बसा’ म्हटलं की खालचा वर्ग गप्प बसतो आणि समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक घासाघीस थांबवतं. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. जगाला स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर झटणारा हा गृहस्थ घरी मात्र बायकोचा पारा चढताना आपल्याला काहीच दिसत नाही असा चेहरा करून जेवतो. संसार टिकलाय तो त्यामुळे.

एरवी मी वहिनीच्या रागाची यथेच्छ टिंगल करतो. पण महामारीनंतर ती जी पेटली, त्याची टिंगल मला करवत नाही. कारण तो राग आता मलाही येतो.

शाळा बंद झाली तेव्हा वहिनीचा वर्ग आमच्या स्वयंपाकघरात आला. ओट्यावर पिठाचा डबा, त्यावर साखरेचा डबा, त्याला टेकवलेला मोबाइल, आणि समोर उभी राहून वहिनी काळ्या चौकोनांना वजाबाकी शिकवतेय. मधूनच एखादा चौकोन म्हणायचा, “बाई, तुमचा आवाज येत नाही.” हे तिला ऐकावं लागलं, तिला! चौकोन काळे, कारण फोन बापाचा आणि बाप कामावर. कोणी टेम्पो चालवतोय, कोणी विटा वाहतोय. पोर घरी भिंतीकडे बघतंय.

यावर हेडसरांनी तोड काढली. सकाळी शाळेच्या ग्रुपवर अंगठ्याचं चित्र आलं की मूल हजर. मग टेम्पोतून अंगठे येऊ लागले, विटांच्या ढिगावरून येऊ लागले. हेडसर ते मोजायचे आणि ‘उपस्थिती उत्तम’ असं वर कळवायचे. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा उठवायचा. आता बापानं अंगठा उठवला की पोर शिकलं!

शाळा उघडली तेव्हा दुसरीतून घरी गेलेली मुलं थेट चौथीत येऊन बसली. उंच झाली होती, बाह्या आखूड झाल्या होत्या, आणि ‘पाऊस’ वाचताना ‘पा’पाशीच थांबत होती. चौथी ही या शाळेतली शेवटची इयत्ता. पुढे मोठी शाळा, आणि तिथे अक्षरं कोणी शिकवत नाही. वहिनीच्या हातात हे एकच वर्ष होतं. ती रोज घरी येऊन भांडी अशी घासायची, की जणू त्यांनीच शाळा बंद केली होती.

तेवढ्यात वरून चाचणी आली. प्रत्येक बाईनं आपल्या वर्गातल्या एकेका मुलाकडून एक उतारा वाचून घ्यायचा आणि ॲपमध्ये नोंद करायची. ज्याला येतं तो हिरवा, ज्याला येत नाही तो लाल. लाल मुलांसाठी रोज एक जादा तास आणि एक जादा शिक्षिका मिळणार होती. वहिनी त्या दिवशी चक्क गुणगुणत घरी आली. दादा घाबरला.

पण लाल फार झाले तर हेडसरांना जाब विचारला जाणार होता. हेडसर माणूस वाईट नाहीत. स्वतः झाडांना पाणी घालतात, घंटा स्वतः देतात. फक्त वरून फोन आला की त्यांच्या पाठीचा कणा रजेवर जातो. त्यांनी शिक्षकांची बैठक घेतली.

“मूल शब्दापाशी अडलं तर सांगायचं नाही,” ते म्हणाले. “फक्त ओठ हलवायचे. ओठ हलवणं म्हणजे सांगणं नव्हे.”

“मग काय आहे ते, सर?” वहिनीनं विचारलं.

“प्रोत्साहन.”

चाचणीच्या दिवशी वहिनी मास्क लावून शाळेत गेली. सगळ्या दुनियेनं मास्क फेकून दिल्यावर!

“हे काय, बाई? आता कशाला?” हेडसर दारातच म्हणाले.

“सर्दी.”

“पण मुलांना तुमचे ओठ कसे...” एवढं बोलून ते थांबले. पुढचं वाक्य मोठ्यानं म्हणण्यासारखं नव्हतं.

निकाल लागला. अख्खी शाळा हिरवीगार, आणि मधोमध वहिनीचा वर्ग लालभडक. सरकारी नियमाला डोळे नसतात. त्यानं एकच निष्कर्ष काढला: बाकी सगळ्यांनी शिकवलं, या बाईंनी शिकवलं नाही. शाळा समितीनं पालकांची सभा बोलावली. वहिनीला आवरायला म्हणून दादानं मला बरोबर पाठवलं. पुराला बांध म्हणून उशी पाठवावी तसं.

समितीचे अध्यक्ष औषधविक्रेते. बोलणं खोकल्याच्या औषधासारखं गोड.

“बाई, शेजारच्या वर्गातली मुलं घडाघडा वाचतात. तुमचीच का मागे? जबाबदारी कोणाची?”

एक टेम्पोवाला बाप उसळून उभा राहिला. “आमची पोरं काय दगड आहेत का, बाई? भावाच्या पोराला हिरवा शेरा, माझ्या पोराला लाल. घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही मला!”

“दगड नाहीत ती!” करवत सुरू झाली. “त्यांना कोणी शिकवलंच नाही. मीसुद्धा नाही. मी पिठाच्या डब्याला शिकवत होते! तुम्ही टेम्पोतून अंगठे पाठवत होता, सर ते मोजत होते, आणि आम्ही सगळे मिळून म्हणत होतो, शाळा चालू आहे. खोटं आपण बोललो आणि लाल शेरा पोरांना!”

मी तिचा पदर ओढला. तिनं माझ्या हातावर चापट मारली. आवरणं संपलं.

तेव्हा मागच्या बाकावरून इस्त्रीवाली उठली. तिची मुलगी शेजारच्या वर्गात, हिरव्यांपैकी.

“मला एक विचारायचंय,” ती अध्यक्षांना म्हणाली. “काल सासूबाईंसाठी तुमच्याच दुकानातून औषध नेलं. मला वाचता येत नाही. पोरीला म्हटलं, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच गं, किती द्यायचं? तर ती बाटलीकडे बघेचना. माझ्या तोंडाकडे बघत बसली. म्हटलं, अगं, माझ्या तोंडावर काय लिहिलंय? तर म्हणाली, आई, तू ओठ हलव ना.”

हेडसरांनी खिडकीबाहेरच्या झाडांकडे पाहिलं.

“माझीलाही लाल करा,” इस्त्रीवाली म्हणाली.

“एकदा हिरवं झालेलं मूल लाल करता येत नाही हो,” हेडसर पुटपुटले. “ॲपमध्ये तशी सोयच नाही.”

सभेनं ठराव केला: वहिनीनं लेखी खुलासा द्यावा, आणि सत्र संपताच तिची बदली व्हावी. जादा तास मात्र तिच्या वर्गाला नियमानं द्यावाच लागला. घरी येताना वहिनी वाटभर एक अक्षर बोलली नाही. मला तिची कधी नव्हे एवढी भीती वाटली.

जादा तासाच्या पहिल्या दिवशी मी तिचा डबा द्यायला शाळेत गेलो. वर्गाच्या दारात इस्त्रीवालीची मुलगी उभी, तिच्यामागे आणखी हिरव्या मुलांची रांग, आणि पुढे हात आडवे करून हेडसर.

“बाई, ऐका माझं. हिरव्या मुलांची लाल तासाला हजेरी लावता येत नाही मला!”

“मग लावू नका,” वहिनी म्हणाली. “मुलं नसताना इतके दिवस लावलीत, आता मुलं आहेत तर नका लावू.”

“मला वर कळवावं लागेल.”

“कळवा. बदली तर झालीच आहे. आणखी कुठे पाठवाल, चंद्रावर? तिथली पोरंही शिकवीन! हात खाली घ्या, सर. मुलांना आत यायचंय.”

हेडसरांनी हात खाली घेतले. मुलं आत घुसली, एका बाकावर तिघंतिघं बसली. जादा शिक्षिकेनं अर्धी मुलं मागच्या भिंतीकडे घेतली. इस्त्रीवालीच्या मुलीला वहिनीनं सगळ्यात पुढे बसवलं, फळ्यावर ‘पा’ काढला आणि मुलांकडे पाठ करून उभी राहिली.

“वाच.”

मुलगी गप्प. वर्ग गप्प. खालचा वर्गही गप्प. मी डबा घेऊन दारात उभा. हेडसर माझ्या शेजारी, हातात घंटेचा हातोडा. दारातल्या वादात आणि बसवाबसवीतच तास संपायची वेळ झाली होती, पण त्यांनी तो उचलला नाही.

“वाच, बाळ,” वहिनी फळ्याकडे तोंड करूनच ओरडली. “चुकलीस तरी चालेल. पण लवकर! माझ्याकडे एवढंच सत्र आहे.”

“प...” मुलगी म्हणाली.

“काना कुठे गेला? तो काय बापाच्या फोनमध्ये राहिला? परत!”