पोचा आलेला पेला

मिसबाईंनी आईला उभं केलं आणि मला तिच्या शेजारी. आई आरोपी. मी दुभाषी.

गुरुवारची बायकांची सभा होती, रत्नागिरीच्या मिशन बंगल्याच्या पडवीत. पुढे चटयांवर पाळकसाहेबांची बायको आणि वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या बायका. मागे जांभ्याच्या उघड्या पायरीवर आम्ही, महारवाड्यातून आलेल्या. तसं बसा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

मिसबाई मिशनच्या गोऱ्या बाई, त्यांना मराठी जेमतेम यायचं. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी मराठीत सांगायचे. मी सोळा वर्षांची, मिशनच्या इंग्रजी शाळेतली. बुजरी. वाक्य माझं नसलं की मला बोलता यायचं.

त्या दिवशीचा विषय होता जीभ. ख्रिस्ती माणसानं ऐकायची घाई करावी, बोलायची करू नये. ज्याला जीभ आवरत नाही, त्याची भक्ती फुकट. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या मुलीकडे बघा. किती कमी बोलते."

तेही मराठीत मलाच सांगावं लागलं. चटईवर कुणीतरी हसलं.

आईचा गुन्हा एवढाच. विहिरीवर तिनं बायकांना सांगितलं होतं की प्रभुभोजनाचे पेले दोन आहेत.

महिन्यातून एकदा चर्चमध्ये पाळकसाहेब रुप्याचा पेला घेऊन बाकाबाकाशी यायचे. प्रत्येकानं द्राक्षारसाचा एक घोट घ्यायचा. एकच पेला, म्हणून आपण सगळे एक, असं ते दर वेळी म्हणायचे. पुढचे बाक झाले की पेला भरायला टेबलामागे जायचे आणि भरून आमच्याकडे आणायचे. तो तोच पेला, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. सगळेच धरून चालले होते. आमच्याकडे येणाऱ्या पेल्याच्या काठाला पोचा होता. तो ओठाला लागायचा. मला वाटायचं, पुढच्यांनाही लागत असेल.

आई बंगल्यावर कामाला होती, चर्चही झाडायची. एका सकाळी कपाट उघडं राहिलं होतं. आत दोन पेले. एकाला पोचा. एक गुळगुळीत.

"विचार तिला," मिसबाई म्हणाल्या, "ती अशी कुरकुर का पसरवते?"

मी विचारलं. आईकडे न बघता.

पाळकीणबाई मध्येच म्हणाल्या, "लेक इंग्रजी शिकली, नि आईला तोंड फुटलं!"

आईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याशीच बोलली. हळू, एकेक शब्द, मला सांगायला सोपं जावं म्हणून.

"तिला सांग, बाय. पेलं दोन हायत. आमच्याला पोचा हाय. मी कुनाला शिवी दिली नाय. दोन हायत, एवडंच बोललं."

मिसबाई माझ्याकडे बघत होत्या. त्याच आठवड्यात त्या मुंबईच्या अध्यापिका विद्यालयाला माझ्यासाठी पत्र लिहिणार होत्या. त्या पत्राशिवाय मला जायला जागा नव्हती. बंगल्याचं धुणं होतं, आईच्या मागून.

मी म्हणाले, "शी इज सॉरी, मिस."

मिसबाईंचा चेहरा मऊ झाला. त्यांनी प्रार्थना केली. आईनं मान खाली घातली. मला वाटलं, सुटले.

घरी जाताना आई म्हणाली, "तू टू बोललीस नाय."

मी पुढे चालत राहिले.

"न्याहारीला अंडी उकडतंय ना मी त्यांची. रोज सांगत्यात मिसबाई, टू. मला टू कळतो. मी कान देऊन ऐकत होतं. तुझ्या बोलन्यात टू नव्हता."

एवढंच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण दोन-तीन दिवसांत मला ते हळूहळू दिसू लागलं. ऐकायची घाई, बोलायची सबुरी. ही शिकवण त्या सबंध पडवीत एकाच बाईनं पाळली होती. ख्रिस्ती झाल्यापासून नऊ वर्षं तिनं तो पोचा ओठावर सोसला, ऐकलं, पाहिलं, आणि मग एक वाक्य बोलली. खरं वाक्य. आणि मी, जिला कमी बोलते म्हणून उभं करून दाखवलं, मी तेवढंच वाक्य गिळलं. माझं गप्प राहणं कधीच भक्ती नव्हती. भीती होती. त्यांना ती सोयीची होती.

पुढच्या गुरुवारी मिसबाईंनी पहिलं वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं नाही. उभी राहून इंग्रजीतच म्हणाले, "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. आई माफी मागत नव्हती. पेले दोन आहेत, असं ती म्हणाली होती. ते दोन आहेत." मग तेच मराठीत म्हणाले.

मिसबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला इथे दुसऱ्याचं बोलणं सांगायला ठेवलंय. तुझं नव्हे."

पायरीवरून आमच्यातलीच एक खालच्या आवाजात म्हणाली, "बस गो, बस. आमचं असलेलं पन जाईल."

पत्र गेलं नाही. आईचं बंगल्यातलं काम महिनाअखेर सुटलं. दुभाषी म्हणून पाळकीणबाईंची भाची आली. पेल्यांचं कुणी काही केलं नाही. अजूनही दोनच आहेत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या रविवारीही तिला पोचा आलेलाच मिळाला.

काही बदलेल, असं मला वाटत नाही. तरी मी दर महिन्याला जाते. मागच्या बाकावर बसते. पाळकसाहेब पेला पुढे करतात. मी तो दोन्ही हातांनी घेते. काठ बोटानं चाचपते. पोचा सापडतो.

मी पीत नाही. पुढच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणते, "दोन."

आणि पेला परत देते. पुढच्या महिन्यातही देईन.