आर्ट्सच्या पोरांचं फिजिक्स

लातूरला अकरावी-बारावी आणि वर रिपीटरचं एक वर्ष काढून, नीटमध्ये दोनदा आपटून मी नांदेडला बी.ए.ला आले, तेव्हा एकच गोष्ट पक्की केली होती. फिजिक्सचं तोंड पुन्हा बघायचं नाही. पण भोग कुठं चुकतात? नव्या शिक्षण धोरणात आर्ट्सच्या पोरांनाही दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो, आणि मी प्रवेशाला पोचेपर्यंत कॉमर्सच्या सोप्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. उरलं होतं ‘भौतिक विज्ञानाची ओळख’. खिडकीतले क्लार्क म्हणाले, घेऊन टाका, काही नसतं त्यात, कुणी येतही नाही.

ते खरंच होतं. हजेरीपटावर नावं भरपूर, वर्गात माणसं मूठभर. निम्मी पोरं पोलीस भरतीच्या मैदानावर, उरलेली पुण्याला कंपनीत. आमच्याकडे कॉलेजात नाव घालतात, कॉलेजात जात नाहीत.

माझं चित्त तर तेव्हा अहमदपूरला, घरी लागलेलं असायचं. धाकटी बहीण नववीत होती आणि अप्पांनी तिच्यासाठी लातूर आत्ताच ठरवून ठेवलं होतं. माझ्या वेळी जे हुकलं ते तिच्याकडून वसूल करायचं, एवढा साधा हिशेब. ती सावकाश पोरगी. मेथीची जुडीसुद्धा विचार करत निवडते. एक गोष्ट पटली नाही तर पुढची ऐकतच नाही. लातूरला असल्या पोरीचं काय होतं ते मी बघितलं होतं. माझ्या खोलीतली एक मुलगी दर टेस्टच्या आदल्या दिवशी जेवण सोडायची. मार्क थेट बापाच्या मोबाइलवर जायचे, आणि संध्याकाळी मेसमध्ये कुणाचा फोन वाजला की सगळ्यांचे घास हातातच राहायचे. काहीही झालं तरी हिला तिथं जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी घट्ट धरलं होतं. अप्पांपुढे मात्र माझी काय किंमत? नापास झालेलीचा सल्ला कोण घेतो.

आमचे फिजिक्सचे सर तासिका तत्त्वावरचे होते. जितके तास घ्यायचे तितकाच पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देवालाच ठाऊक. पीएच.डी. झालेला माणूस लोह्याहून रोज एसटीला लटकून यायचा. विज्ञान शाखेची लॅब आम्हाला उघडून मिळत नव्हती, कारण आर्ट्सची पोरं सामान फोडतात अशी वरच्यांची ठाम समजूत. मग सरांनी पदरचा दोरा आणि लोखंडी नट आणले आणि व्हरांड्यात प्रॅक्टिकल लावलं. साधा लंबक. दोऱ्याची लांबी मोजायची, झोक्याला लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण काढायचं.

मला हसू आलं. सूत्र पाठ होतं, उत्तर पाठ होतं. मी भिंतीला टेकून बसले आणि उत्तरावरून उलटं गणित करून सगळा तक्ता भरून टाकला. खरा वाटावा म्हणून दशांशात थोडा इकडंतिकडं फरकही केला. आमच्याकडे याला रीडिंग जुळवणं म्हणतात, आणि ते ज्याला सफाईनं जमतं त्याला हुशार म्हणतात. सरांनी तक्ता बघितला. उत्तर अगदी नऊ पॉइंट आठ.

“छान हाय,” ते म्हणाले. “लंबक कुठाय तुझा?”

लंबक मी टांगलाच नव्हता. लातूरला लंबकाची ढीगभर गणितं सोडवली, पण हलणारा लंबक मी जन्मात कधी पाहिला नव्हता. ते मी सांगितलं तर सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी माझ्या हातात दोरा दिला.

त्या दिवशी पोरांच्या पैजा लागल्या. जड नट लवकर झुलणार की हलका? सगळे म्हणाले, जड. मला उत्तर माहीत होतं, वजनाचा काही संबंध नसतो. पण दोन्ही नट शेजारीशेजारी सोडले आणि दोन्ही एका तालात जायला-यायला लागले, तेव्हा पैजा लावणारे पुढं सरकले, आणि मीही त्यांच्यासारखीच तोंड उघडं टाकून बघत राहिले. आमचं गुरुत्वाकर्षण मात्र साडेनऊच्या आसपास येत होतं. सर म्हणाले, जे आलं ते लिहा, आणि का कमी आलं ते शोधा. शोधायला अख्खा तास गेला. आम्ही दोरा गाठीपर्यंत मोजत होतो, नटाच्या मध्यापर्यंत मोजायला हवा होता. पोलीस भरतीवाल्या एकाला ते सुचलं, मला नाही. त्या रात्री होस्टेलवर मला रडू आलं ते रागानं. जे एका दोऱ्यात मावत होतं, त्यासाठी माझी तीन वर्षं गेली आणि ते मला कुणी दाखवलंसुद्धा नाही.

अप्पांची आणि सरांची ओळखही या नटांमुळेच. अहमदपूरला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि सरांची सासुरवाडी तिथलीच. एकदा मी सुट्टीला घरी असताना ते दुकानात आले आणि एकसारखे नट निवडत कितीतरी वेळ उभे राहिले. गिऱ्हाइकानं माल उपसलेला अप्पांना खपत नाही, पण शिकवायला पाहिजेत म्हटल्यावर त्यांनी स्वतः डबा पुढं केला. कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसणारा माझा बाप शिकलेल्या माणसाचं सहसा कौतुक करत नाही. रात्री जेवताना म्हणाला, “माणूस सच्चा हाय.” मी ते वाक्य जपून ठेवलं. पुढं उपयोगी पडेल म्हणून.

वर्षाअखेरी प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना आमची उत्तरं बघून घामच फुटला. कुणाचं साडेनऊ, कुणाचं दहा. ते म्हणाले, सगळ्यांचे आकडे दुरुस्त करून घ्या, नाहीतर मार्क देता येणार नाहीत. सर म्हणाले, पोरांनी जे मोजलं ते लिहिलंय, चूक कुठं झाली तेही लिहिलंय, याला मार्क द्या. बराच वाद झाला. शेवटी आम्हाला काठावरचे मार्क मिळाले, आणि पुढच्या वर्षी सरांना तास मिळाले नाहीत. वर्कलोड नाही, असं सांगितलं गेलं. विषय मात्र चालूच राहिला. तो आता ग्रंथालयातले एक जण बघतात, म्हणजे ग्रुपवर पीडीएफ टाकतात. सगळ्यांचं उत्तर नऊ पॉइंट आठ येतं आणि सगळे उत्तम मार्कांनी पास होतात.

बहीण दहावी झाली. चांगले मार्क पडले, हेच तिचं दुर्दैव. मी अप्पांना हात जोडून सांगितलं, तिला इथंच अहमदपुरात शिकू द्या, तिच्या चालीनं शिकेल. अप्पा म्हणाले, तू असंच म्हणणार, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. ते फार लागलं. मग मी जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं. माझं ऐकू नका, सरांना विचारा. अप्पा म्हणाले, “त्यो न्हाई म्हणला तर न्हाई पाठवत जा.”

मी लगेच सरांना फोन लावला. ते म्हणाले, सध्या लातूरलाच असतो, इकडंच ये. कशासाठी असतात ते मी विचारलं नाही, आणि अप्पा सोबत येणार हेही सांगितलं नाही. सर काय म्हणणार याची मला इतकी खात्री होती की एसटीत मी बहिणीच्या कानात सांगितलं, काळजी करू नको, आजच निकाल लागतो.

त्यांनी दिलेला पत्ता एका क्लासचा निघाला. काचेची केबिन, क्लासचं नाव छापलेला टी-शर्ट, आणि शेजारच्या खुर्चीत प्रवेशांवर नजर ठेवणारा एक माणूस. सरांनी अप्पांना पाणी दिलं, खुर्ची दिली. अप्पांनी सरळ विचारलं, ही सावकाश पोरगी आहे, हिला इथं घालू का नको? सरांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“घाला,” ते म्हणाले. “सुरुवातीला थोडा त्रास होतो, मग सवय होते. मुलगी हुशार आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तोंड उघडेपर्यंत अप्पा बहिणीला घेऊन काउंटरकडे गेले होते. मी बाहेर पडले, तसे सर माझ्यामागं जिन्यापाशी आले.

“त्यांला हितं आणायला नको हुतंस,” ते हळू आवाजात म्हणाले. “भाईर चहाच्या गाड्यावर भेटली असतीस तर खरं सांगितलं असतं. या खुर्चीत बसून कसं सांगू? लेकरं हायत मला.”

मी म्हणाले, मग आता चला बाहेर, अजून वेळ आहे. त्यांनी मागं वळून केबिनकडं पाहिलं, आणि आत गेले.

परतीच्या एसटीत मी अप्पांना सगळं सांगून टाकलं, सरांच्या शब्दांसकट.

“म्हंजे आत बसून खोटं बोलतो आन् भाईर खरं,” अप्पा म्हणाले. “मग तुला कालेजात शिकवला ते तरी खरं कशावरून? तितंबी पगार घेऊनच शिकवत व्हता न्हवं.”

तिथं सर खरंच वागले, आणि म्हणूनच त्यांचे तास गेले, हे मला सांगता आलं असतं. ते शब्द अगदी ओठावर होते. पण त्यातून अप्पांनी एवढंच ऐकलं असतं, की खरं वागणाऱ्याचं काय होतं. सरांचा मला भयंकर राग आला होता, आणि तरी त्यांच्याविरुद्ध एक शब्द मला सुचत नव्हता. मधल्या सीटवर बसून बहीण दोघांचं ऐकत होती. क्लासनं दिलेली नवी बॅग तिनं मांडीवर घेतली होती.

“अक्का, राहू दे आता,” ती म्हणाली. “जाते मी.”