दारुड्या बापाचं घर

"बाबा, इतना साफ घर नहीं चलेगा. शराबी बाप का घर है."

शूटिंगवाला साहेब असं म्हणाला आणि त्याचा माणूस माझ्या भिंतीला काजळी फासायला लागला. माझ्यासमोर. माझ्याच घरात.

भिंत माझ्या बायकोची. दरसाल जयंतीच्या आधी ती चुन्यात नीळ कालवून स्वतःच्या हातानं मारायची. यंदा ती नाही. तिनं धुऊन ठेवलेला चुन्याचा कुंचा अजून खिळ्याला लटकून आहे.

घर दिलं ते तिच्यापायीच. सिरियलीचं तिला वेड. "आपलं घर टीव्हीत कसं दिसंन हो?" म्हणायची. आमच्या कांचघर मोहल्ल्यात घर शोधत हे लोक आले, मी हो म्हटलं. गोष्ट कोणत्या बापाची, विचारलंच नाही.

बाप पोरीला पट्ट्यानं मारतो, अशी गोष्ट होती. बापाचं काम करणारा नट खुर्चीत बसून मला विचारतो, "चाचा, आप लोग मारते वक्त गाली कौन सी देते हो?"

"मैंने नहीं मारा किसी को."

तो हसला. "अरे, शरमाओ मत. तुम लोगों के यहाँ तो होता ही है."

दारात माझी नात उभी होती. लेकीची पोर. तिनं ऐकलं. हळूच म्हणाली, "आबा, तुम्हारे पापा भी मारते थे?"

मी तिला जवळ बसवलं.

मारणारे बाप आमच्यात आहेत. नाही म्हणत नाही. पण माझा बाप रिछाईच्या कारखान्यातून यायचा, हात धुवायचा आणि बहिणीच्या वेण्या घालायचा. आईची बोटं विड्या वळून चिरलेली असायची, म्हणून. असा बाप मी टीव्हीत कधी पाहिला नाही.

आणि पट्टा. बायको एका बंगल्यात पोळ्या करायची. तिथल्या पोरीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. बायकोनं हळद लावली. मॅडम म्हणाली, "साहब ज़रा सख्त हैं. बाहर मत बोलना." तीच मॅडम सिरियलीतल्या गरीब पोरीसाठी डोळे पुसायची. बायकोनं घरी येऊन फक्त मला सांगितलं. त्या दिवशी तिनं टीव्ही लावला नाही.

त्यांचा बाप सख्त. आमचा बाप राक्षस.

मी उठलो. काजळीचा डबा त्या माणसाच्या हातातून घेतला.

"घर नहीं मिलेगा."

"बाबा, सीरियल है. सच थोड़ी है."

"तो अपने घर में करो. अपनी दीवार काली करो."

सामान उचलून गेले. शेजारी म्हणे, "काहून हाकललं भाऊ? टीव्हीत आला असता."

मी ओलं फडकं घेतलं, भिंत पुसायला गेलो. काजळी निघेना, उलट पसरली, आणि चुनाच निघाला. सगळी नीळ फडक्याला आली. तिच्या हातचा शेवटचा रंग. मी पुसून टाकला. फडकं धरून तिथंच बसलो. नात पाणी घेऊन आली.

जयंती येऊन राहिली आता. कुंचा काढला आहे. तीन भिंती मारीन. ती एक काळीच राहील. कोणी विचारलं तर कोणी केली ते सांगीन, तोंडावर.

नातीच्या वेण्या आजी घालायची. आता मी घालतो. भांग वाकडा पडतो. पण दारात बसून घालतो, दार उघडं ठेवून. ज्याला बाप पाहायचा असेल, त्यानं इथं येऊन पाहावा.