देवाजीचे बर्फाचे डोंगर

माजरीच्या कोळसा खाणीजवळच्या कॉलनीत साधनाच्या घरी येणारा प्रत्येक जण आधी बैठकीतल्या भिंतीकडे बघायचा. तिच्या नवऱ्यानं, देवाजीनं, तिथं बर्फाचे डोंगर रंगवले होते. ट्रकांवर नावं काढणारा माणूस. बर्फ त्यानं फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. पांढरी शिखरं, डावं टोक बसकं, मधे खाच, पायथ्याशी एकच घर, खिडकीत पिवळा उजेड. चित्र पुरं झालं आणि त्याच पावसाळ्यात तो घरातून निघाला, तो परतलाच नाही.

साधना रोज त्या चित्रासमोर बसायची. उजेड आहे म्हणजे आत माणूस आहे, असं तिनं धरून ठेवलेलं. तो बर्फाच्या डोंगरांकडेच गेला असणार म्हणून दीर मिथुनला तिनं पार जम्मूपर्यंत शोधायला धाडलं होतं.

शेजारची अन्नपूर्णा म्हणायची, "एवढं पांढरं? मले तर कफनच दिसते, बाई."

"तुले दिसत असन. आमच्यात पांढरं नेसून बुद्धवंदना करतात," साधना तोडून टाकायची.

लेकीला, पुनमला, आता बापाचं पुण्यानुमोदन, गेलेल्याच्या नावानं वंदना आणि जेवण, करायचं होतं. "लोकं मले विचारतात, बाप आहे का नाई? काय सांगू?"

"जित्या माणसाच्या नावानं जेवण घालतेस?"

डिसेंबरातल्या एका सकाळी भांड्यांचं पाणी फेकायला साधनानं मागचं दार उघडलं. खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा कॉलनीमागं रोजचाच; खरकटं पाणी रोज त्याच्याच पायथ्याशी जायचं. आज धुक्यानं पांढराफटक झालेला. डावं टोक बसकं, मधे खाच. भिंतीवरचंच टोक, तीच खाच. बादली हातातच राहिली.

त्या ढिगाऱ्याखाली त्यांचं जुनं गाव होतं. खाणीसाठी उठलं, वर माती पडत गेली. चित्रातलं घर होतं तिथंच देवाजीच्या मायचं घर होतं. तो ढिगाऱ्यावर चढून खाली बोट दाखवायचा, "आपलं आंगण इथी असन." तो गेला त्याच पावसाळ्यात तिथली माती घसरली होती. तिथं त्याला कोणी शोधलंच नव्हतं. तिनंच सगळ्यांना बर्फाकडे धाडलं होतं.

ती आत आली. "भंतेजीले रविवारचं सांग."

"काऊन वं आई, एकदम?"

"तुझा बाप घरीच गेला," साधना म्हणाली.

रविवारी वंदना झाली, लोक जेवून गेले. त्या दिवसापासून मागच्या दाराला आतून कुलूप आहे. भांड्यांचं पाणी ती बैठकीतून नेते आणि आल्यागेल्यासमोर पुढच्या नालीत ओतते.