लंबूच्या हनुवटीवरची चीर

आमच्या गल्लीत केस कापणारे दोघे. एक नाना, दुसरा समोरचा लंबू. गिऱ्हाइकांवरून त्यांचं कधी पटलं नाही. पण स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी केस-दाढीला दोघं एकमेकांच्या खुर्चीत बसायचे. बोलणं जेमतेम, काम मात्र चोख.

गेल्या वर्षी नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कात्री चालायची, वस्तरा ऐकेना; दाढीचं गिऱ्हाईक ते काही ना काही सबबीनं परत पाठवायचे. हे त्यांच्या घरी वहिनींना ठाऊक होतं आणि मला, कारण सकाळचा पेपर मी त्यांच्याच दुकानात वाचतो. नानांना एकच धास्ती होती. लंबूला कळलं की गल्लीभर होणार, मग केस कापायलाही कोणी फिरकणार नाही. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

सुट्टीचा दिवस आला. बरं नाही म्हणून सांगा, असं मी सुचवलं. गेल्या खेपेला तेच सांगितलं होतं, असं ते म्हणाले. तेवढ्यात लंबू आलाच. खुर्चीत बसला, मान मागे टाकली, डोळे मिटले. मी नुसताच पेपर धरून बसलो होतो. एक गाल पार पडला. हनुवटीवर हाताला झटका बसला आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली.

लंबूनं डोळे उघडले. तुरटी घेऊन स्वतःच चोळली आणि पुन्हा मान मागे टाकली.

"एक गाल राहिलाय. असाच जाऊ का घरी?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लंबूच्या दुकानात जाऊन बसलो. बाक भरलेला होता. दूधवाल्यानं हनुवटीवरच्या पट्टीबद्दल विचारलंच, काल नानांकडे बसला होतास ना म्हणून. लंबूनं वर न बघताच उत्तर दिलं.

"नाना कशाला कापेल? सकाळी घाईत माझी मीच केली."

सगळे हसले. इथे विमा उतरवून यायला हवं, असं म्हणत दूधवाला उठून गेला. त्याच्यामागून आणखी एक गेला. लंबू मुकाट्यानं वस्तऱ्याला धार लावत राहिला.

मी नानांना सांगितलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून ते तडक समोर गेले.

"याला मी कापलंय. माझा हात थरथरतो. दाढीला इथेच या."

लंबूनं बाकावर नजर फिरवली.

"आणि ज्याला केस कापायचेत त्यानं समोर जावं. मी आजपासून फक्त दाढी करतो."

बराच वेळ कोणी हललं नाही. नाना परत जायला वळले. मग बाकावरचा शिंपी उठला.

"मान सांभाळ रे नाना, एकच आहे," म्हणाला आणि त्यांच्याआधी रस्ता ओलांडू लागला.