कुसुमआत्याचं मत आणि माळ्यावरचा कागद

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, तरी निवडणूक जाहीर झाली की मी सवयीनं मुक्कामाची पिशवी भरायला घेतो. नोकरीत असताना एकही निवडणूक मला चुकली नाही. मत द्यायची नव्हे, घ्यायची. आदल्या दिवशी पेट्या नाहीतर यंत्रं घेऊन कुठल्यातरी शाळेत मुक्काम, दुसऱ्या दिवशी हजारभर लोकांची ओळखपत्रं बघायची आणि बोटांना शाई लावायची. माझं स्वतःचं मत टपालानं जायचं. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या आत्याकडे जायचं तिकीट काढल्यावर नेमकी त्याच आठवड्यात तिथली सार्वत्रिक निवडणूक लागली, तेव्हा बायको पोट धरून हसली. "जा, तिथेही शाईची बाटली देतील हातात," मधुरा म्हणाली. तिचे शिकवणीचे वर्ग होते, म्हणून मी एकटाच निघालो.

या ब्लॉगवर राजकारण आणायचं नाही हा माझा जुना नियम. तेव्हा पक्षांची नावं न लिहिता रंगच लिहितो: लाल, निळा, पिवळा, हिरवा. कुणाला कुठला रंग आवडावा याच्याशी मला देणंघेणं नाही.

सोमवारी हीथ्रोला उतरलो. बर्मिंगहॅमला जाणाऱ्यांनी लंडन शहरात शिरून रेल्वे पकडायची गरज नाही. विमानतळावरूनच थेट बस सुटते, साधारण तीन तास लागतात, आणि तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर बरंच स्वस्त पडतं. बसमध्ये शौचालय असतं, खाणं मात्र आपलं आपण न्यावं. माझ्यापुढच्या बाकावर दोन पांढऱ्या केसांच्या बायका होत्या. एक सांगत होती, जन्मभर निळ्यांना मत दिलं, या वेळी घरीच बसणार. दुसरीनं विचारलं, "मग लाल का नाही?" त्यावर पहिली म्हणाली, "अगं, नवऱ्याच्या फोटोसमोर मला उभं राहायचंय." पुढे दोघींनी सँडविच काढलं आणि विषय कुत्र्याच्या दाताकडे वळला.

आता घरातल्या माणसांची ओळख. कुसुमआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. नर्स म्हणून ती लग्नाआधीच इथलं नेमणुकीचं पत्र घेऊन बसली होती. लग्नानंतर आधी ती आली आणि मागाहून तिचे यजमान, भाऊकाका. काका मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होते, युनियनचे खंदे, पक्के लाल. मुलगी नीला इथेच जन्मली. ती मँचेस्टरला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे.

स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाखाली दोन मतदान-कार्डं लावलेली होती. इथे मतदानाआधी असं कार्ड घरी येतं. एक काकांच्या नावाचं, दुसरं 'वसुधा' नावाचं. मला गंमत वाटली. आत्याचं सासरचं नाव वसुधा, हे मी जवळपास विसरलोच होतो. कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की फोटो असलेलं ओळखपत्र आणावं. हा नियम नवा आहे, पूर्वी नुसतं नाव सांगून मत देता यायचं. माझ्यातला मतदान अधिकारी तेव्हाच जागा व्हायला हवा होता. पण प्रवासानं मी इतका शिणलो होतो की आमटीभात खाऊन सरळ झोपलो.

मंगळवारी काकांनी शहर दाखवलं. कालव्यांच्या काठाने चालायला सुरेख वाटा आहेत, एक पैसा लागत नाही. बसमध्ये चढताना बँकेचं कार्ड टेकवायचं आणि उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं. मी विसरलो तर काकांनी मला कोपरानं ढोसलं. दुपारी छोट्या लोखंडी कढईत वाढलेली, बाल्टी नावाची इथली मसालेदार करी आणि ताटाएवढा नान खाल्ला. दोघांत एक नान पुरतो, वेटर सांगेल ते ऐकू नका.

बुधवारी सकाळच्या ट्रेननं आत्याला घेऊन मँचेस्टर. तिथल्या ट्राम फार सोयीच्या. फलाटावरच्या खांबाला कार्ड टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, दुसरं विसरलात तर जास्तीचे पैसे कापतात. ट्राममध्ये पुण्या-नाशिकची पोरंपोरी इतकी होती की मराठीत कुणाची टवाळी करायची सोय नाही. संध्याकाळी नीला आमच्याबरोबरच बर्मिंगहॅमला आली आणि जेवताना चर्चा पेटली.

"बाबा, तुमचा पार्टी इज नॉट परफेक्ट, ओके?" नीला म्हणाली. "मी यलोला देणार. माझ्या सीटमध्ये रेड एनीवे जिंकणार. सो मला मेसेज द्यायचा आहे."

"मेसेज द्यायला व्हॉट्सअॅप आहे," काका म्हणाले. "चौदा वर्षं निळ्यांनी हॉस्पिटलांची वाट लावली, आणि तू पिवळ्यांना मत देऊन टाकणार वाया. तुझा स्वतःचा जॉब त्या हॉस्पिटलात आहे!"

"एक्झॅक्टली! म्हणूनच मी विचार करते. तुम्ही विचार नाही करत, तुम्ही जस्ट रेड."

"आमच्या घरची दोन मतं पहिल्यापासून लाल. यात विचार कसला करायचा?"

आत्या पोळ्या लाटत होती. तिच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षभर पुढे ढकललं जातंय, हे मला तिनं नाही, नीलानं सांगितलं होतं. "आईची पण काही ओपिनियन असेल ना?" नीलानं विचारलं. काका म्हणाले, "तिचं माझं एकच आहे." आत्यानं पोळी तव्यावर टाकली आणि मला विचारलं, "तुला अजून वाढू का रे?"

गुरुवार, मतदानाचा दिवस. इथे सुट्टी नसते. नीला पहाटेच्या ट्रेननं परत गेली होती. नाश्त्याला काका पॉरिज खात होते. आत्या चहाचा कप ठेवून सहज म्हणाली, "मी यंदा लाल नाही देणार बरं का."

काकांचा चमचा थांबला. "मग कोणाला?"

"ते मी पेटीला सांगेन. गेल्या आठवड्यात तुम्ही नसताना एक बाई प्रचाराला आल्या. एरवी सगळे विचारतात, मिस्टर घरात आहेत का? त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? मी दारात उभी राहून वीस मिनिटं बोलले. इतकं मला बोलायचं होतं हे माझं मलाच माहीत नव्हतं."

काकांनी उरलेलं पॉरिज तसंच टाकलं. "माझे गुडघे दुखतायत, मी संध्याकाळी जाईन," म्हणाले. म्हणून आत्याबरोबर मी निघालो. बावन्न वर्षांत ती मतदानाला काकांशिवाय पहिल्यांदा जात होती. जाताना तिनं निळी पर्स घेतली, ती परत ठेवून काळी घेतली. "रंगावरून उगीच कुणी काही समजायला नको," म्हणाली.

मतदान केंद्र चर्चच्या सभागृहात होतं. पोलीस नाहीत, दोरखंड नाहीत, रांगही नाही. बाहेर दोन कुत्री बांधलेली. आत पाळणाघराची खेळणी कोपऱ्यात सरकवून ठेवली होती. मतपत्रिकेवर शिसपेन्सिलीनं फुली मारायची म्हणे; ती तर खोडता येईल, असं माझ्यातला अधिकारी कुरकुरला. मी दारातच थांबलो.

पाच मिनिटांनी आत्या बाहेर आली, बरोबर तिथल्या अधिकारी बाई. आत्याच्या हातात पासपोर्ट, लायसन्स आणि बसपास असे तिन्ही कागद पंख्यासारखे पसरलेले होते. तिन्हींवर नाव कुसुम, कारण नेमणुकीच्या पत्रावर तेच होतं म्हणून लग्नानंतर कागदोपत्री तिनं फक्त आडनाव बदललं होतं. यादीत वसुधा. आडनाव तेच, पत्ता तोच, पण कुसुम नावाची मतदार या घरात नाही. घर घेतलं तेव्हा मतदारनोंदणीचा फॉर्म काकांनी भरला होता, आणि दरवर्षी येणाऱ्या पत्राला 'काही बदल नाही' असंच उत्तर जात होतं.

बाई बिचाऱ्या भल्या होत्या, इथल्या रीतीप्रमाणे अनोळखी माणसालाही लाडानं 'लव्ह' म्हणणाऱ्या. "लव्ह, नाव कधी बदललं तुमचं?"

"लग्नात," आत्या म्हणाली.

"आडनाव ना?"

"नाही, नाव."

आता हे कसं समजवायचं? आमच्याकडे लग्नात नवरा ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, असं मी पुढे होऊन सांगितलं. मी नऊ वर्षांचा होतो, ताटाशेजारीच बसलो होतो, मी साक्षीदार आहे, असंही सांगितलं. बाईंनी सगळं मनापासून ऐकून घेतलं. "तांदूळ आणता येईल का?" असं त्या विचारतात की काय असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "नाव बदलल्याचा कागद हवा. विवाहाचा दाखला चालेल. रात्री दहापर्यंत आम्ही इथे आहोत."

परतताना आत्या झपझप पुढे चालत होती. तिची चूक नव्हती; मला स्वतःचाच राग येत होता. आयुष्यभर ओळखपत्रं तपासली आणि फ्रिजवरचं कार्ड वाचून नुसता हसलो.

दाखला माळ्यावर होता. माळ्यावर काय कुठे आहे हे घरात फक्त काकांना ठाऊक. आत्यानं त्यांना काय झालं ते सांगितलं, पण शोधून द्या असं म्हणाली नाही. ती बागेत जाऊन कपडे वाळत घालू लागली. काका टीव्हीवर टेनिस बघत राहिले. एक सेट संपला. ते काही न करता बसून राहिले असते तर घरातून एकच मत गेलं असतं, तेही लाल. मी पाहुणा, मी चहाचे कप विसळायला घेतले.

मग फोन वाजला. नीला. काकांनी स्पीकर लावला. "बाबा, आईनं मेसेज केली. प्लीज फाइंड इट."

"तुझी आई माझं मत खोडायला निघालीय, आणि कागद मी शोधायचा?"

"येस," नीला म्हणाली. "कारण तुम्हीच तो नाव ठेवला."

काकांनी टीव्ही बंद केला. "शिडी धर रे," मला म्हणाले.

दुखऱ्या गुडघ्यांनी ते वर चढले. दोन तास वरून खोकी सरकवल्याचे आणि खोकल्याचे आवाज येत होते. शेवटी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कागद सापडला. व्हिसासाठी त्या काळी केलेला दाखला, जोडीला इंग्रजी भाषांतर: वधू कुमारी कुसुम, विवाहोत्तर नाव वसुधा. शिडीवरून उतरताना काकांच्या डोक्यावर जळमटं होती. आत्यानं ती काढली.

"हॉस्पिटलात मी चाळीस वर्षं कुसुम होते," ती म्हणाली. "पेशंट, डॉक्टर, सगळ्यांची कुसुम. मत तेवढं वसुधा देत आली, तुम्ही सांगाल तिथे."

"तू कधी बोलली नाहीस," काका म्हणाले.

"हो. नाहीच बोलले."

संध्याकाळी सात वाजता, अजून लख्ख ऊन असताना, आम्ही तिघं गेलो. दाखला काकांनी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत धरला होता आणि दारात आत्याच्या हातात दिला. आधी ती आत गेली, मग ते. बाहेर आल्यावर कुणी कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यावरून चिप्स घेतले, भरपूर व्हिनेगर घालून, आणि चालत घरी आलो.

त्या मतदारसंघात लाल उमेदवार आरामात निवडून आला. आत्याच्या मतानं काडीचाही फरक पडला नाही. शुक्रवारी सकाळी तिनं नाव दुरुस्तीचा फॉर्म भरला, काकांनी चष्मा शोधून दिला. रविवारी मी विमानात बसलो.

घरी आल्यावर ही सगळी हकीकत मधुराला सांगितली. ती मटार सोलत होती. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. मधुरा हे तिचं नाव मी ठेवलेलं, माहेरची ती शालिनी. तांदळात लिहिताना मला फार अभिमान वाटला होता.

"तेव्हा तुला विचारायला हवं होतं का गं?" मी म्हणालो.

"मी वाकून वाकून बघत होते, काय लिहिताय ते," ती म्हणाली. मग उठली, कपाटातून तिचं मतदार ओळखपत्र आणलं आणि मटारांच्या सालींशेजारी ठेवलं.

त्यावर शालिनी लिहिलं होतं. बारा वर्षांपूर्वीच दुरुस्त करून घेतलं, म्हणाली, स्वतः रांगेत उभं राहून. मतदानाच्या दिवशी मी कधी घरी नसायचो.